सोडायला आलेली

"आई, बस की. गिरणीचा भोंगा हाय त्यो."

बनाबाई दचकून उभी राहिली होती ती ओशाळून खाली बसली. दवाखान्याच्या ओसरीवर मायलेकी मघापासून ताटकळत होत्या. फाटकाबाहेर बैल सोडले होते. गाडी केराच्या सासरची, बैलही सासरचेच. वाटेत केराने पाण्याचा तांब्या पुढे केला, तेव्हा बनाबाईने मान हलवली होती. लेकीला मूल होईपर्यंत आईने तिच्या घरचं पाणीसुद्धा घेऊ नये, ही रीत. मंद्रूपपासून सोलापुरापर्यंत ती कोरड्या घशानेच आली होती.

समोर भिंतीवर पाटी होती. एकेक अक्षर लावत तिने ती वाचली. 'बायकांचा विभाग'. वाचून झालं आणि डोक्यात गोंधळ मात्र वाढला. पांढऱ्या लुगड्यातल्या पोरी डोक्यावर पदर न घेता इकडून तिकडे धावत होत्या. कपाळ कुणाचंच भरलेलं नव्हतं. सगळ्या विधवा म्हणाव्यात, तर हसत कशा होत्या? औषधाच्या वासाने तिने नाकाला पदर लावला.

"उगंच आलो गं केरा. जाऊ या माघारी."

"माघारी? आन गावाला काय सांगायचं?"

ते मात्र खरं होतं. नर्स व्हायचं म्हणजे दहा जातींची घाण उपसायची, असं चावडीवर बोलून झालं होतं. इथे नाही म्हणाले तर गावात तोंड दाखवायची सोय नव्हती. आणि हो म्हणाले तर मायलेकींची ताटातूट. केराचं सासर गावातच, दोन गल्ल्या सोडून. पाणवठ्यावर रोज गाठ पडायची. आता कुठली पडायला! इकडे आड, तिकडे विहीर.

तेवढ्यात मेट्रनबाई आल्या. उंच, चष्मेवाल्या, आवाजात जरब. त्यांनी केराला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं.

"मंद्रूपच्या शाळेतून निरोप आला होता, त्याच ना तुम्ही? वाचता येतं?"

"येतं की," केरा म्हणाली. "आबा मास्तर हुते. त्यांनीच शिकवलं. आता न्हाईत आबा."

"रक्त बघून भोवळ येईल."

"छ्या! गल्लीतली बाळंतपणं केल्यात की."

मेट्रनबाईंच्या भुवया वर गेल्या. "इतक्यात?"

"लई धीट हाय, बाई," केरा म्हणाली.

बनाबाई एकदा हिच्या तोंडाकडे, एकदा तिच्या तोंडाकडे बघत होती. बाई सारख्या केराकडेच बघून का बोलताहेत, हे तिला कळेना. आपण मध्ये बोलावं की गप्प बसावं, तेही कळेना. शहरातली रीत कुणाला ठाऊक!

"मंगळसूत्र दिसतंय. नवऱ्याची हरकत नाही?"

केरा लाजली. "त्यांनीच तर समदं जुळवून आनलं. गाडी बी त्यांनीच दिली."

"लाखात एक माणूस!" मेट्रनबाई पहिल्यांदाच हसल्या. मग बनाबाईकडे वळून त्या मऊ आवाजात म्हणाल्या, "तुम्ही रडू नका. तीन वर्षं बघता बघता जातील."

एवढं ऐकायचा अवकाश, बनाबाईला हुंदका आवरेना. "लेकीबिगर करमायचं कसं वो बाई?"

"करमतं. इथे सगळ्यांना करमतं. वय, जात, काही बघत नाही आम्ही. जीव लावून काम करणारं माणूस पाहिजे, बस्स."

बनाबाईने पदराने डोळे पुसले. जिवाला कुठेतरी बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचीच लाज वाटली.

मेट्रनबाईंनी केराच्या दंडाला धरून तिला उठवलं. "चल, आत खाट दाखवते तुझी. आजपासून पहिल्या वर्षात तू."

केरा बावरली. मग तिने हळूच दंड सोडवून घेतला.

"मी न्हवं, बाई. मला दिवस मावळायच्या आत सासरी पोचायचंय. शिकायला आई आलीया."