आपल्या भाषेत

लहान मुलांच्या वाहिनीसाठी परदेशी कार्टूनचे संवाद आपल्या भाषेत लिहायचं काम तिच्याकडे होतं. हत्तीच्या पिल्लाचे बाबा मरतात, त्या भागावर साहेब अडून बसले. "आपल्याकडच्या पोरांना हे झेपायचं नाही. बाबा लांब कामाला गेलेत, असं लिहा."

तिने मुकाट्याने लिहिलं. नवरा गेल्यापासून घरी लेकीलाही ती हेच सांगत आली होती.

तो भाग लागला तेव्हा मायलेकी शेजारी बसल्या होत्या. पिल्लू आईला बिलगून गप्प उभं होतं.

"त्याला माहितीये, बाबा मेलेत ते," लेक हळूच म्हणाली.

"मग आईला विचारत का नाही?"

"ती रडेल ना."

तिने टीव्ही बंद केला, लेकीला कुशीत ओढलं. "विचार बाळा. रडत रडत का होईना, सांगेन."