बारशाची आत्या

पाळण्याला फुगे बांधताना हात खाजला म्हणून बाही वर केली, तर मनगटापासून कोपरापर्यंत लाल गांधी. वर्गात दोघींना कांजिण्या झाल्या होत्या, आणि सकाळीच मी बाळाचे पापे घेतले होते.

नववीत असले तरी मी सख्खी आत्या, बारशाला त्याच्या कानात नाव मीच सांगणार, असं शाळाभर मिरवलं होतं. बाही खाली ओढली असती तर कुणाला कळलं नसतं. पण तो बारा दिवसांचा होता.

"वहिनी, हे बघ ना."

वहिनी बाळाला उराशी धरून दोन पावलं मागे सरकली. इतकी घाबरलेली मी तिला कधी पाहिली नव्हती.

शेजारच्या डॉक्टरकाकूंनी हात, पाठ, सगळं तपासलं. "काल कोळंबी किती हाणलीस गं?"

"तीन वाट्या."

"मग पित्त उठलंय. याची लागण होत नाही."

वहिनीनेच आमसुलाचं पाणी हातांना चोळलं. पाठ तशीच खाजत राहिली. पाळण्यात वाकून मी बाळाच्या कानात आधी सॉरी म्हटलं, मग नाव. रिवाजाप्रमाणे बायकांनी पाठीत धपाटे घातले, तेव्हा मी म्हटलं, "अजून जोरात, जरा डावीकडे."