नवे ब्रेक

लेकीच्या जन्मानंतर माळ्यावर गेलेली आईची डोंगरात चालवायची सायकल लेकीच्या लग्नानंतर खाली उतरली. आईचे गुडघे कुरकुरले, सायकलही कुरकुरली.

"या उतारवयात डोंगरात सायकल? एकदा जरी पडलीस तरी हिला मी भंगारात देणार," लेक म्हणाली.

"दे."

सायकलवाल्याने गंजलेली साखळी फिरवून पाहिली. "मावशी, एवढ्या पैशात एकच काम होईल. गिअर टाकले तर चढ सोपा जाईल. नाहीतर ब्रेक."

"ब्रेक टाक."

"आणि चढाचं काय?"

"ढकलत नेईन. आजवर दुसरं काय केलंय?"

रविवारी टेकडी.

ढकलली. थांबली. पाणी प्यायली. ढकलली. मागून लेक धापा टाकत म्हणाली, "आई, अजूनही परत फिरू." ढकलली. माथा आला.

आणि मग ती सीटवर बसली आणि पायवाट उताराला सुटली आणि दगड आणि मुळं आणि डावीकडचं ते अवघड वळण आणि ब्रेक कुठे दाबायचा नि कुठे अजिबात नाही हे बोटांना अजून पाठ होतं आणि लेकीची हाक मागे राहिली आणि वारा आणि धूळ आणि खालचं सपाट मैदान.

लेक घसरत, धडपडत पोहोचली. "लागलं नाही ना?"

आईने तोंडावरची धूळ पुसली आणि सायकल पुन्हा टेकडीकडे वळवली.

"उतारवय म्हणतात ते हेच ना गं? मग मला इतकी वर्षं घाबरवलंत कशाला?"