हसरा उंट

श्रीवर्धनचा यासीन जेद्दाच्या एका स्टुडिओत कार्टूनमधल्या उंटाच्या पिल्लाला हसवायचं काम करायचा. या धंद्याची रीतच अशी, की पात्राला हसवायचं तर आधी टेबलावरच्या आरशात आपण हसून बघायचं आणि तेच हसू पडद्यावर उतरवायचं. मालिकेची तारीख जवळ आली तशी शुक्रवारची सुट्टी गेली, जेवणं कीबोर्डशेजारी होऊ लागली. इकामा, म्हणजे तिथं राहायचा परवाना, कफीलच्या म्हणजे नोकरीवर आणणाऱ्या मालकाच्या हातात, त्यामुळे ब्र काढायची कुणाची छाती नव्हती.

गुरुवारी टीमचे प्रमुख पंकजसर त्याच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

"यासीन, चॅनलवाल्यांची तक्रार आलीय. उंट हसतो, पण डोळे विझलेले वाटतात म्हणे. एक पोर तर बघून रडायलाच लागलं."

"सर, आरशात जे दिसतं तेच काढतोय," यासीन डोळे चोळत म्हणाला. "एक शुक्रवार रूमवर झोपू द्या, उंट आपोआप हसेल."

सरांनी त्याच्या तोंडाकडे बघितलं, मग आरशाकडे बघितलं.

"बरोबर आहे तुझं, गडबड तिथंच आहे. माझ्याच लक्षात यायला हवं होतं. करतो काहीतरी."

यासीनने गावाकडे बायकोला फोन लावला. "अख्तरी, उद्या फोन करू नकोस गं. मी झोपणार आहे."

शुक्रवारी उजाडताच सरांचा मेसेज आला.



"यल्ला, लवकर ये. जुना आरसा काढून नवा लावलाय."