मराठ्यांचा वाचनवार

"पान उलटताना तुम्ही दर वेळी सुस्कारा टाकता," जयसिंग घोरपडे म्हणाले. "पुस्तक जड आहे का?"

"पुस्तक नाही, विषय," दत्तप्रसाद मराठे म्हणाले. "जाळी विणणाऱ्या आठ पायांच्या कोळ्यांवर एवढं जाड पुस्तक लिहितं कोण? आणि ऐकतं कोण?"

"लिहिणाऱ्याचं माहीत नाही. ऐकणारा मी. वाचा पुढे."

मराठे मुकाट्याने वाचू लागले. बँकेत मॅनेजर असताना त्यांना 'वाचा पुढे' म्हणायची कुणाची छाती नव्हती. पण समोरचा माणूस अंध, आपण आलोय सेवा करायला. करता काय!

निवृत्त झाल्यापासून मराठे घरी बसले होते, म्हणजे अगदी खरोखरच बसले होते. नारायण पेठेतल्या फ्लॅटच्या खिडकीशी खुर्ची आणि खुर्चीत ते. पेपर उघडायचा आणि तसाच मिटायचा. कुणाचा फोन आला, की 'मी नाही म्हणून सांग'. पुढे पुढे आमटीत मीठ नसलं तरी बोलेनासे झाले, तेव्हा मात्र त्यांच्या बायकोचं, पूर्णिमाताईंचं, धाबं दणाणलं. पेठेतला नवरा नावं ठेवायचा थांबला म्हणजे प्रकरण गंभीर. हा माणूस असाच बसल्या बसल्या विझून जाणार, या भीतीने त्यांची झोप उडाली.

मग एक दिवस त्या 'सोबत' नावाच्या संस्थेत जाऊन आल्या.

"अहो, धायरीला एक घोरपडे म्हणून आहेत. काचबिंदूने दृष्टी गेली. त्यांना पुस्तकं वाचून दाखवायला माणूस हवाय. जाल का?"

"मीच का?"

"तुमचा आवाज खणखणीत आहे. बँकेतले शिपाई अजून दचकतात."

मराठे नाइलाजाने गेले. पहिल्या दिवशी कोळी. त्यानंतर माती. मग पाव कसा फुगतो, मग जुन्या गवयांच्या भांडणांचे किस्से. घोरपड्यांच्या कपाटाला काही धरबंधच नव्हता. गंमत म्हणजे, त्यांचा फोन पडद्यावरचं सगळं त्यांना भरधाव वेगाने बोलून दाखवायचा आणि त्यांना सगळं कळायचं.

"हा फोन पुस्तकं नाही वाचून दाखवत?" मराठ्यांनी विचारलं.

"दाखवतो की. पण त्याला स्वतःचं मत नसतं. तुम्हाला काय वाटलं, ते सांगा."

मराठ्यांना आयुष्यात कुणी हे विचारलं नव्हतं. बँकेत त्यांचं मत म्हणजे हुकूम, त्यामुळे विचारायची वेळच आली नव्हती. सुरुवातीला ते 'ठीक आहे' एवढंच म्हणायचे. मग हळूहळू वाद घालायला लागले. एकदा गवयांवरून चांगलीच जुंपलेली असताना फोन वाजला. "हो, सुधारणा आहे," घोरपडे फोनवर म्हणाले. "आता भांडतात सुद्धा." असेल कुणी नातेवाईक आजारी, म्हणून मराठ्यांनी पान शोधून ठेवलं.

घोरपडे भोसरीच्या एका कारखान्यात वेल्डिंगचे प्रमुख होते. तिथल्या सुखदेवची गोष्ट ते एकदा सांगत बसले. अपघातानंतर सुखदेव हाय खाऊन बसला होता. सगळे त्याला समजावून थकले.

"मग तुम्ही काय केलंत?"

"मी म्हटलं, सुखदेव, माझं एक काम अडलंय, तुझ्याशिवाय होणार नाही. आला धावत. माणूस खचला ना मराठे, की त्याला उपदेश करू नये. त्याच्याकडे मदत मागावी."

मराठ्यांना हे फार पटलं. त्यांनी उभी हयात माणसांना कामं सांगण्यात घालवली होती. सोसायटीच्या पुढच्या बैठकीत पार्किंगवरून रणकंदन पेटलं, तेव्हा सगळ्यात मोठ्याने ओरडणाऱ्या रणजितला ते शांतपणे म्हणाले, "तुम्हीच जरा मार्ग सुचवता का? मला सुचत नाहीये." रणजितचा आवाज जागच्या जागी खाली आला आणि त्याने खरोखरच मार्ग सुचवला.

घरीही नवल घडत होतं. पूर्णिमाताईंनी झाडू उचलला, की मराठे ओरडत यायचे, "थांब! अंडी घातलीयेत तिने!" बाल्कनीतल्या कोळिणीला आता घरच्या माणसाचा मान होता. भिंग आलं, कॅमेरा आला, रविवारी टेकडीवर मुलांना कोळी दाखवणं सुरू झालं. आमटीला नावं ठेवणंही सुरू झालं. पूर्णिमाताईंनी पहिल्यांदा ती ऐकली, तेव्हा स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले.

आणि अशात घोरपडे म्हणाले, "मराठे, पुढच्या महिन्यापासून दुसरे वाचक येतील. मांजरी गावचे कुणी रंगराव आहेत."

मराठ्यांनी हातातलं पुस्तक मिटलं. "माझं काही चुकलं का?"

"छे! उत्तम झालं सगळं."

"मग हे रंगराव माझ्यापेक्षा चांगलं वाचतात की काय?"

"कल्पना नाही. फारसं बोलत नाहीत म्हणे."

"न बोलणारा माणूस वाचून दाखवणार? धन्य आहे!" मराठे घरी येऊन तणतणले. "यांचं आता कसं व्हायचं? माझी किती सवय झालीये त्यांना!" पूर्णिमाताईंनी त्यांच्यापुढे चहा ठेवला.

महिनाअखेरीस संस्थेचा वार्षिक कार्यक्रम होता. उत्कृष्ट स्वयंसेवकाचा सत्कार होणार हे कळल्यावर मराठ्यांनी जाकीट इस्त्री करून घेतलं. चार शब्दही मनात जुळवले, त्यात घोरपड्यांचा उल्लेख अगदी जिव्हाळ्याने केला होता. त्या माणसाला आपण थोडा आनंद देऊ शकलो, हे त्यांना खरंच मनापासून सांगायचं होतं. घोरपड्यांना त्यांनी स्वतः कोपर धरायला देऊन खुर्चीपर्यंत आणलं आणि शेजारी बसले.

संस्थेचं काम पाहणारी वल्लरी माइकवर आली. "तर यंदाचे आपले बेस्ट स्वयंसेवक आहेत…"

मराठ्यांनी जाकिटाचं बटण लावलं आणि अर्धवट उठले.

"…श्री. जयसिंग घोरपडे! रिटायरमेंटनंतर घरात मिटून बसलेल्या कितीतरी जणांना सरांनी पुन्हा बाहेर काढलंय. आणि यंदा ज्यांना काढलं, ते मराठेकाका उठलेच आहेत, तर काका, सरांना प्लीज स्टेजवर घेऊन येता का?"