लिटरमागे अडीच मैल

नाल्यावरचा पूल ओलांडून अर्जुनरावाने गाडी थांबवली, आणि कोणी काही न सांगता मागच्या बाया उतरू लागल्या. भाजीच्या टोपल्या गाडीतच राहिल्या. वांगी, मेथी, कांद्याची पात बसून जाणार होती आणि बाया मैलभराचा चढ पायी चढून माथ्यावर पुन्हा गाडीत बसणार होत्या. गोजरबाईने तर आपल्या टोपलीतली दोन कोहळी काढून काखेत मारली. तेवढाच गाडीवरचा भार कमी.

पुढे अर्जुनरावाशेजारी त्याची बायको रुख्मिणी बसली होती. ती भावाकडे जळगाव जामोदला निघाली होती. बाजाराच्या दिवशी या गाडीतून ती पहिल्यांदाच येत होती. तिने मागे वळून पाहिलं.

"ह्या काऊन उतरल्या?"

"चढ हाय. गाडीले भार झेपत नाही."

"कधीपासून?"

"झालं दीडक वर्ष."

रुख्मिणीने बोटांवर बाया मोजल्या.

"मागच्या हप्त्यात पाटलाची वीस पोते ज्वारी ह्याच चढानं नेली ना तुमी? ह्या आठ बाया वीस पोत्याहून जड हायत का?"

अर्जुनराव रुमालाने गिअरचा दांडा पुसू लागला.

दीड वर्षापूर्वी पेट्रोल एकाएकी महाग झालं होतं. लष्कराच्या लिलावात घेतलेली ही जुनी पिकअप मुळातच खादाड. पंपावर पेट्रोल लिटरने मिळे, अर्जुनराव अंतर अजून मैलांत मोजे, आणि गाडी लिटरमागे कसेबसे दोन मैल देई, तेही तिची मर्जी असली तर. निम्मं पेट्रोल हा एक चढच पिऊन टाकी. बायांचं भाडं वाढवावं तर त्या गावातल्याच, कोणी काकू, कोणी मावशी. तोंड उघडेना. मग एका मंगळवारी त्याने पुलाजवळ गाडी थांबवली, बॉनेट उघडलं, आत उगाच हात फिरवला आणि मान हलवून सांगितलं की इंजिन थकलं, माणसं घेऊन आता चढायची नाही. भाडं वाढवायची त्याला लाज वाटली, खोटं बोलायची वाटली नाही. पाटलाला मात्र त्याने असं काही सांगितलं नव्हतं. पोती काही उतरून चालत नाहीत.

तेव्हापासून लिटरमागे अडीच मैल पडू लागले. पंपावर बाकीचे गाडीवाले त्याला विचारत, बाबा, तुला हे जमतं कसं? तो मिशीवरून हात फिरवून म्हणे, हातात कला लागते.

बायांनी गाडीचं दुखणं अगदी मनावर घेतलं होतं. ही गाडी बसली तर पुन्हा डोक्यावर टोपली आणि आठ मैल पायपीट. विमलबाई घरून कळशीभर पाणी आणून रेडिएटरसाठी देई. उतरताना एखादी मडगार्डवरून हात फिरवी, व्यालेल्या गाईच्या पाठीवरून फिरवावा तसा. अर्जुनराव ते आरशात पाही आणि नजर रस्त्यावर वळवी.

रुख्मिणीने दार उघडलं.

"कुठं निघाली?"

"मीबी भारच हाय ना," ती म्हणाली आणि उतरून बायांमध्ये मिसळली.

आता ही सगळ्यांना सांगणार, या धास्तीने अर्जुनराव आरशात पाहत राहिला. ती काहीच बोलली नाही. नवऱ्याचं खोटं पदराखाली झाकून ती खाली मान घालून चालू लागली. तिने सांगितलं असतं तर तो तावातावाने भांडला असता. त्या गप्प चालण्यापुढे त्याला काही करता येईना. स्वतःची इतकी शरम त्याला आजवर कधी वाटली नव्हती. फर्लांगभर जाऊन त्याने गाडी थांबवली आणि तशीच उलटी खाली आणली.

"बसा सगळ्या."

"चढंन का रे?" विमलबाईने भीत भीत विचारलं.

"चढते. बसा."

गाडी दुसऱ्या गिअरमध्ये कुरकुर न करता चढली. ज्वारी घेऊन चढली होती, तशीच. मागे बायांनी श्वास रोखून धरले होते. अर्जुनराव मनातल्या मनात शब्द जुळवत होता. गाडीला काही झालं नव्हतं, मी तुम्हाला फसवलं. एवढंच बोलायचं, आडपडदा ठेवायचा नाही, मग बाया काय म्हणतील ते ऐकून घ्यायचं. माथ्यावर येताच त्याने इंजिन बंद केलं, डोक्यावरची टोपी काढली आणि खाली उतरला.

त्याच्या आधी गोजरबाई उतरली होती. साठी उलटलेली ती बाई बॉनेटवर डोकं टेकवून उभी होती. तिने डोळे पुसले.

"मावशी," तो म्हणाला, "मले एक सांगायचं हाय."

"पयले मले सांग बापा," गोजरबाई म्हणाली, "गाडी आता पक्की बरी झाली ना? मंग आज बाजारातून चपला घेते मी. दीड वर्षं झाले, मरीमायले नवस बोलली होती, अर्जुनाची गाडी आमाले घेऊन हा चढ चढत नाही तोवर पायात काही घालणार नाही."