बॅरिटोनचे कागद

देव्होशेलबाईंनी दार अर्धंच उघडलं. बाहेर बँडमास्तर लानुआ टोपी हातात धरून उभे होते. युद्ध संपून आठ महिने झाले होते, पण अंगावर अजून पलटणीचाच कोट होता.

मास्तरांनी येण्याचं कारण सांगितलं. पलटणीत चार सॅक्सोफोनवाले होते. या नव्या वाद्यासाठी तेव्हा फारसं कोणी लिहीत नसे. चौघं ऑपेरातली गाणी वाजवून दिवस ढकलायचे. म्हणून मास्तरांनी खास त्यांच्यासाठी एक चौकडी, म्हणजे चौघांनी मिळून वाजवायची रचना, लिहिली. मूळ प्रत मेत्सला बँडच्या गाडीबरोबर जळाली. तिघांचे कागद त्यांच्या पिशव्यांत मिळाले. बॅरिटोनचे, म्हणजे जाड आवाजाच्या सॅक्सोफोनचे, तेवढे मिळायचे राहिले होते. बॅरिटोन वाजवणारा बाईंचा मुलगा फिर्मां शेवटच्या रजेवर आला तेव्हा सरावासाठी ते घरी घेऊन आला होता. ते मिळाले तर पॅरिसचा एक छापखाना चौकडी छापायला तयार होता.

बाईंनी आधी बाकीच्या तिघांचं विचारलं.

"आल्सीद गेला," मास्तर म्हणाले. "तेओफिल गेला." तिसऱ्या नावाआधी त्यांनी टोपी या हातातून त्या हातात घेतली. "गुस्ताव्हही."

ते पुढे काही बोलणार, तोच बाई म्हणाल्या, "म्हणजे आमचा फिर्मां तेवढा राहिला. या, आत या."

कागद मात्र त्या देईनात. तो आला की आधी तेच मागेल, म्हणाल्या. इथेच बसून उतरवून घ्या.

मास्तर स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले. उजव्या हाताची दोन बोटं हिवाळ्यात गारठून कामातून गेली होती, त्यामुळे दुपारभरात जेमतेम तीन पानं होत. बाई खिडकीशी बसून मखमलीचे तुकडे शिवत. चारच्या सुमारास चिकोरीची कॉफी आणि पाव समोर ठेवत.

"फिर्मांला कडक पाव चालत नाही," त्या पहिल्या दिवशी म्हणाल्या. "आतला मऊ भाग खातो आणि कड माझ्या ताटात टाकतो."

"आमच्याकडे तेओफिलच्या ताटात टाकायचा," मास्तर म्हणाले, आणि 'टाकायचा' म्हटल्याबद्दल त्यांनी जीभ चावली. बाईंनी वर पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी कागदाच्या कडेला पेन्सिलीने लिहिलेलं काही दिसलं. बाईंनी काय आहे ते विचारलं. मास्तरांनी वाचून दाखवलं, "इथे मास्तर डोळे वटारतात. भिऊ नये."

"मग तो भ्यायचा का?"

"कधीच नाही."

बाईंनी मान हलवली आणि दोरा तोडला. हिवाळ्याआधी फिर्मांची खोली चुना लावून पांढरी करून घ्यावी की तो आल्यावर, असं त्यांनी मास्तरांना विचारलं. आल्यावरच करा, मास्तर म्हणाले. त्यांना काही वाटेनासं झालं होतं. हात तेवढा चालत होता.

तिसऱ्या दिवशी शेवटचं पान झालं. शाई वाळेपर्यंत ते बसून राहिले. कागद गुंडाळून गाडी पकडता आली असती. स्टेशनच्या दिशेने निघायचं, आणि ही बाई वर्षानुवर्षं दाराकडे बघत बसेल. त्यांनी टोपी उचलली, पुन्हा खाली ठेवली.

"बाई, फिर्मां येणार नाही," ते म्हणाले. "मेत्सच्या इस्पितळात, नोव्हेंबरात. ताप होता. मी शेवटपर्यंत जवळ होतो. पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. जमलं नाही."

बाईंनी सुई कापडात खोचली आणि त्यांच्या समोर येऊन बसल्या. पहिल्यांदाच त्यांनी मास्तरांकडे नीट पाहिलं.

"पत्र मला जानेवारीतच आलं, मास्तर," त्या म्हणाल्या. "पण परवा दारात तिसरं नाव घेताना तुमचा आवाज बसला. चौथं मी तुम्हाला कुठल्या तोंडाने सांगणार होते?"